रुमालाखालची बोटं

कोइमतूर,
९ सप्टेंबर २०२४

सपने,

ह्या भावाचा कागूद बघून हसू नगंस. नववी नापासाचं अक्षर हाय, लावून वाच. फोनवर ह्यातलं काय बोलता येत न्हाई. तात्या फोन घेतला की स्पीकर लावत्यात, आई आतनं वरडती आणि साळूबाई काकी उंबऱ्यावर बसून सगळं ऐकती. हितं शेठ सकाळी दुकानात शिरतानाच आमचे फोन पेटीत टाकून घेतो, रातच्याला देतो तवर तू निजलेली. म्हणून कागूद.

मुद्दा असा. परवा गणपतीला तू घरी होतीस, तवा फोनवर म्हणलीस, आमी ऑफिसात रोज सकाळी गोल उभं ऱ्हातो आणि एकेक जण सांगतो, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. तात्या खूश. फौजेतनं आलेल्या माणसाला काय, कुणाला उभं केलं की बरं वाटतं. "रोल कॉल हाय त्यांच्यात बी," म्हणले. मला न्हाई बरं वाटलं.

तुमच्यात खुर्च्या हाईत न्हवं? मग उभं का करत्यात? आमच्या गलाईच्या दुकानात बी उभं करत्यात, सुटायच्या टायमाला. जुनं सोनं वितळवायचं काम, कण बी भाईर जाता कामा नये. खिसं उलटं कर, नखं दाव, चप्पल झाड. कानपुरात तेच, मदुरेत तेच, हितं बी तेच. तीन दुकानं फिरलो सपने, माणसाला उभं करून इचारत्यात ते संशयापोटीच.

मला वाटतंय ही तुझी मालकीण मॅडम रोज थोडं थोडं करून तुझ्या डोक्यातलं काढून घेतीया. सगळं काढून झालं की तुला म्हणंल, बाई, आता ये. तवा चार आणं सांग, बारा आणं ठेव. तात्यांनी संक्रांतीपतोर मुदत दिलीय. तवर नोकरीत कायम झालीस तर ठीक, न्हाई तर आटपाडीचे पाव्हणे बघाय येणार. ती मुदत मी भांडून घेतलीय, ध्येनात ठेव.

तुजा दादा,
लालासाहेब

◆

सांगली,
२० सप्टेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र मैत्रिणींनी पण वाचलं, रूमवर लय हसलो. राग मानू नकोस.

आमच्यात कुणाचे खिसे तपासत नाहीत. चंदना मॅडम पुण्याला मोठ्या कंपनीत होत्या, तिथली कामाची पद्धत त्यांनी इथं आणलीय. आमचं काम म्हणजे कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी प्रोग्राम. कुठल्या शेतकऱ्याच्या बेदाण्याच्या किती पेट्या कुठल्या खोलीत, भाडं किती, सौद्यात विकल्या की कुणाच्या नावावर गेल्या, हे सगळं त्यात. आधी काय व्हायचं, वर्षभराचं काम एकदम ठरवायचे, वर्षभर राबायचे, आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणायचं, "असं नव्हतं वो पाहिजे आम्हाला." आता दोन-दोन आठवड्यांचं काम धरतो. झालं तेवढं दाखवायचं, त्यानं नाक मुरडलं तर लगेच बदलायचं. भिंतीवर फळा आहे, त्यावर कामाच्या रंगीत चिठ्ठ्या. शुक्रवारी बसून काय बिघडलं ते बोलतो. सोमवारी कुठलं काम किती मोठं ते ठरवायला पत्ते टाकतो. मी आणि गुणमाला एकाच काम्प्युटरवर बसतो, एकीनं लिहायचं, दुसरीनं बघायचं. त्यानं चुका लवकर सापडतात.

खरं सांगू का, हा पुण्याचा सदरा आमच्या अंगाला अजून सैलच बसतोय. पण चोरीचा नाही.

स्वप्नाली

◆

कोइमतूर,
१ ऑक्टोबर २०२४

सपने,

पत्ते?

हापिसात पत्ते, आणि ते बी सोमवारी, आठवड्याच्या भवानीलाच? आपल्या गावात पत्त्यापायी काय काय झालं ते तू बारकी असताना बघितलंस. वर म्हणती, काम मोजाय टाकतो! काम काय तिरटीचा डाव हाय व्हय?

आणि दोघी एका काम्प्युटरवर, एक लिहिती, एक बघती. आमच्यात बी भट्टीवर दोघं असत्यात. एक मूस धरतो, दुसरा पहिल्यावर डोळा ठेवतो. शेठ म्हणतो, "लाल्या, तू सोनं बघू नगंस, तू ह्याचा हात बघ." ती गुणमाला तुझा हात बघाय बसीवलीय. भोळी हाईस तू.

मी हितनं काय करणार? म्हणून पप्पूला सांगितलंय. आपला पप्पू, कुपवाडात फौंड्रीत हाय तो. येताजाता गाडी थांबवून जरा बघ म्हणलंय. त्याला वळख दावू नगंस.

दादा

◆

सांगली,
१४ ऑक्टोबर २०२४

दादा,

तुझा गुप्तहेर येऊन गेला. डोक्यावर हेल्मेट तसंच, काचेला नाक लावून उभा. मॅडमना वाटलं मुलाखतीला आलाय, म्हणून त्यांनी आत बोलवून बसवलं. दोन कप चहा प्याला. "काय येतं तुम्हाला?" विचारलं तर म्हणाला, "मी पाण्याचा फिल्टर बघाय आलोय." आणि फिल्टर बघून "चांगला हाय" म्हणून गेला. सगळ्यांनी मला विचारलं, ओळखीचा आहे का? मी नाही म्हटलं. तुझ्यापायी मी खोटं बोलले, लक्षात ठेव.

आता एक सांगते. तुला सांगावं का नको, चार वेळा विचार केला. पण कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्यात बाहुबली दादा म्हणून सगळ्यात जुने आहेत. कवठेमहांकाळकडचे, पंचेचाळिशीचे, मला सगळं त्यांनीच शिकवलं. भाडं काढायचा भाग त्यांचा. एखाद्या शेतकऱ्यानं निम्म्या पेट्या विकल्या तर पेट्या त्याच खोलीत राहतात, फक्त नाव बदलतं. तिथं प्रोग्राम विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही भाडं लावतोय. मी आणि गुणमालानं तपासताना बघितलं. पण बाहुबली दादा रोज सकाळी उभं राहून म्हणतात, "होतंय." त्यांचं झालं की बाकीची दोन पोरंही म्हणतात, "होतंय." मग आम्ही दोघी पण तेच म्हणतो. मोठ्या माणसाच्या तोंडावर "तुमचं अडलंय" कसं म्हणायचं? आणि सोमवारच्या पत्त्यांवर आकडे असतात, काम जेवढं मोठं तेवढा मोठा आकडा टाकायचा, तर सगळे आधी त्यांच्या पत्त्याकडं बघतात. त्यांनी तीनचा टाकला की सगळ्यांचा तीनचा.

महिनाभरानं साताऱ्याच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्याला दाखवायचंय. बाहुबली दादा, गुणमाला आणि मी सोडून हे कुणाला ठाऊक नाही. आता तुला.

कुणाला बोलू नकोस. पप्पूला तर अजिबात नको.

स्वप्नाली

◆

कोइमतूर,
२६ ऑक्टोबर २०२४

सपने,

मी म्हणलं न्हवतं? सोनं कमी भरतंय आणि सगळी "होतंय" म्हणत्यात!

एक कायदा ऐक. आमच्यात माल तोलला आणि तूट दिसली, तर ज्याला पहिल्यांदा दिसली त्यानं तिथल्या तिथं वरडायचं. वरडला त्यो सुटला. गप बसला तर तूट त्याच्याच डोक्यावर, मग त्यानं खाल्ली असू दे, नसू दे. तुला दिसलंय आणि तू गप हाईस. त्यो बाहुबली जुना, त्याला कोण काय म्हणणार? पोरं मॅडमच्या वळखीची असत्याल. उरल्या तुमी दोघी. त्यातली गुणमाला त्या मॅडमच्या नि बाहुबलीच्याच समाजातली. मग ऱ्हायलं कोण? इचार कर जरा.

जा आणि मॅडमला सांग. तू न्हाई सांगितलंस तर कुणी तरी सांगंलच, आणि तवा तू म्हागं पडशील.

दिवाळीला येत न्हाई. शेठ सुट्टी देत न्हाई, सणात मोडीचं जुनं सोनं लय येतं.

दादा

◆

सांगली,
२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

एवढे दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला मन धजत नव्हतं.

दिवाळीनंतर दाराच्या फटीतून कुणीतरी एक चिठ्ठी टाकली, मॅडमच्या नावानं. खाली नाव नाही, नुसतं "हितचिंतक". त्या शुक्रवारच्या बैठकीत मॅडमनी ती स्वतः वाचून दाखवली. आत काय होतं? इथं रोज सकाळी उभं राहून खोटं बोलतात, बाहुबलीचं काम अडलंय, बाकीचे त्याच्या मागं लपतात, दोन मुलींना सगळं ठाऊक आहे.

 मॅडम एवढंच म्हणाल्या, "दादा, खरं आहे?"

बाहुबली दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "खरं हाय. मी अडलंय म्हटलं तर ही पोरं घाबरत्यात, म्हणून म्हणत न्हवतो. पण एक सांगा, मी तीनचा पत्ता टाकला की चौघं तीनच टाकतात. मग मी एकटा कसा चुकलो? तुमी मोजताय कुठं, तुमी माझ्या तोंडाकडं बघताय."

मग मॅडम म्हणाल्या, "पद्धत पुण्याची आणली, माणसं सांगलीची आहेत हे विसरले मी." त्या दिवसापासून बरंच बदललं. सकाळी आता सगळ्यात लहान पोरगा आधी बोलतो, बाहुबली दादा शेवटी. "कुठं अडलंय?" असं कुणी विचारत नाही, "पैरा कुणाला पाहिजे?" असं विचारतो. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या, तसं. अडलंय म्हणायला जीभ वळत नव्हती, पैरा मागायला कुणाला लाज वाटत नाही. पहिला पैरा बाहुबली दादांनीच मागितला, बघ.

आणि पत्ते गेले. तो विषय पण बाहुबली दादांनीच काढला. म्हणाले, "खरसुंडीच्या बाजारात बैलाची किंमत कुणी पत्त्यावर लिहून दावतो काय? तिथं रुमालाखाली बोटं धरून सौदा करत्यात. रुमाल आणा." आता सोमवारी मॅडम टेबलावर हात ठेवतात, वर टॉवेल, आणि एकेकानं जाऊन टॉवेलाखाली बोटं धरून आपला आकडा द्यायचा. आठ म्हणजे पंजा दाबून परत तीन बोटं. कुणाचं कुणाला दिसत नाही. पहिल्याच सोमवारी दादांचं काम एकानं दोन म्हटलं, एकानं आठ. मग तासभर भांडलो आणि खरं किती ते कळलं. साताऱ्याच्या गिऱ्हाइकाला झालंय तेवढंच दाखवलं, अडलेलं अडलंय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "द्राक्षं वेलावरच हायत अजून, बेदाणा यायला येळ हाय, करा सावकाश."

हे सगळं चांगलं झालं, दादा. पण ती चिठ्ठी कुणी टाकली? गुणमालानं. दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. मला आत ओढून स्वतः साजूक राहिली. सगळ्यांना पण तसंच वाटतंय, कारण मी तसं म्हटलं. डिसेंबरात तिला कायम करणार होते, ते थांबलंय. आता आम्ही एका काम्प्युटरसमोर बसतो आणि दिवसभरात एक शब्द बोलत नाही. परवा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी स्क्रीनकडं बघत राहिले.

तू म्हणाला होतास, ती माझा हात बघायला बसवलीय. बरोबर होतं तुझं.

स्वप्नाली

◆

कोइमतूर,
५ डिसेंबर २०२४

सपने,

गुणमालाला सोड. चिठ्ठी माझी हाय.

मीच लिहिली आणि पप्पूला धाडली, त्यानं टाकली. हितनं पोस्टानं टाकली असती तर कोइमतूरचा शिक्का दिसला असता. बघ, किती डोकं चालवलं.

मी चुकलो असं मला अजून बी पुरतं वाटत न्हाई. चिठ्ठी नसती तर तुमी आजून "होतंय होतंय" करत बसला असता. पण तुझं पत्र वाचून मला मदुरेचं आठवलं. दुकानात तूट निघाली की आदूगर जवळ बसणाऱ्याचा खिसा बघत्यात. मागल्या साली मदुरेत माझा बघितला. माझ्याशेजारी दोन वर्सं जेवणाऱ्या गड्यानं माझं नाव घेतलं. काय निघालं न्हाई, पण मी ते दुकान सोडलं. तात्यांना सांगितलं, पगार कमी हाय म्हणून सोडलं. तू आता त्या पोरीला तसंच केलंस आणि ते माझ्याकडनंच शिकलीस.

आता शहाणपणाचं इचारशील तर सांगतो. गप बस. संक्रांत जवळ आलीय. ती पोरगी त्यांच्यातली हाय, तिचं कसं बी होईल. तू खरं सांगितलंस तर म्हणतील, हिच्या घरनं चिठ्ठ्या येत्यात, हिला आत ठेवून काय उपेग? तुझं कायम होणं जाईल. आटपाडीच्या पाव्हण्यांचा पोरगा मी बघितलाय, बोलताना दात कोरतो.

खरं सांगायचं तर मला काय सांगावं तेच कळंना. तुला लिवलंय, आता तू बघ.

दादा

◆

सांगली,
२२ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा पप्पूला फोन केला आणि त्याला शिव्या दिल्या. तो म्हणाला, "ताई, मला लालानं सांगितलं तसं केलं, मी वाचली पण न्हाई." मग तुला द्यायच्या त्या पण त्यालाच दिल्या.

दोन दिवस गप्प बसले. तू सांगितलंस म्हणून नाही, भ्याले म्हणून. शुक्रवारी बैठकीत मॅडमनी विचारलं, ह्या खेपेला काय बिघडलं? कुणी म्हणालं इंटरनेट, कुणी म्हणालं चहा. माझी पाळी आली आणि मी उभी राहिले. आमच्यात शुक्रवारी बसून बोलतात, तरी उभी राहिले. म्हटलं, "ती चिठ्ठी माझ्या घरातून आली. माझ्या भावानं लिहिली, मी त्याला सांगितलं म्हणून. गुणमालाचा काही संबंध नाही. तिचं नाव मी घेतलं."

मला वाटलं गुणमाला ओरडेल. ती म्हणाली, "माझी आई रोज तुझ्यासाठी पण डबा देत होती. तू माझ्याशी बोलत नव्हतीस तेव्हा पण. आणि तू खात होतीस."

मी खाली बसले.

मॅडमनी तिथंच सांगितलं, गुणमाला कायम. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझं कायम केल्याचं पत्र पण मी टाइप करून ठेवलं होतं. आता मी एकटी ठरवणार नाही. रोज हिच्या शेजारी बसायचंय तुम्हाला, तुम्ही सांगा. एक बोट म्हणजे राहू दे, दोन म्हणजे नको." आणि टॉवेल टाकला. मला बाहेर जायला सांगितलं. पप्पूनं "चांगला हाय" म्हटलेल्या त्या फिल्टरपाशी उभी राहिले. तहान नव्हती तरी दोन पेले पाणी प्याले.

चौघं होते. बाहुबली दादा, ती दोन पोरं आणि गुणमाला. मॅडमनी आत बोलवून आकडा सांगितला. तिघांनी एक बोट दिलं. एकानं दोन.

मी राहिले, दादा. कायम झाले.

तात्यांना मीच फोन केला. स्पीकर होता, साळूबाई काकी पण होत्या, तरी सगळं सांगितलं, तुझ्या चिठ्ठीसकट. तात्या म्हणाले, "पोस्टवरचा संत्री आतली खबर भाईर देतो तवा त्याचं काय करत्यात, ठाऊक हाय का त्या लाल्याला?" मग थोडं थांबून म्हणाले, "पाव्हण्यांना सांगतो, पोरगी कामावर हाय." मदुरेचं मी त्यांना सांगितलं नाही. ते तू सांग.

आता तू विचारणारच म्हणून आधीच लिहिते. दोन बोटं कुणाची? मला ठाऊक नाही. गुणमालाची असतील तर तिचा हक्कच आहे. शनिवारी ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "कालचं कुठपर्यंत आलं होतं?" त्यावरून काहीच कळत नाही. बाहुबली दादांची असतील. त्या पोरांपैकी कुणाची असतील, ज्यांना मी कधी धड नावानं हाक मारली नाही. दिवसभर प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते. मग माझी मलाच लाज वाटली. मी शोधणार नाही. तू पण शोधू नकोस. पप्पू परत काचेला नाक लावताना दिसला तर ह्या खेपेला त्याला खरंच फिल्टर साफ करायला लावीन.

मॅडमनी एक नवीन ठरवलंय. टॉवेलाखाली हात त्यांचा एकटीचा नको, बोटं द्यायला भीती वाटते, मालकीणबाईचा हात आहे म्हणून. दर सोमवारी आमच्यातल्याच एकाचा. पाळी चिठ्ठ्या टाकून काढली, उद्या माझी आहे. मी हात पुढं करून बसणार आणि एकेक जण येऊन माझ्या हातात बोटं ठेवणार. त्यात तो पण हात असेल, ज्यानं मला नको म्हटलं. मला कळणार नाही तो कुठला. आकडा तेवढा नीट धरायचाय.

स्वप्नाली